पाच फोन आणि सव्वीस कामं: द्राक्षवाल्यांसाठी संकेतस्थळ निवडताना

एका ऑक्टोबरात रात्री अकरा वाजता नाना ओसरीवर मोबाइल घेऊन बसले होते. बाग दोड्यात, म्हणजे फुलोऱ्याच्या आधीच्या अवस्थेत, वर पावसाचं वातावरण, आणि ते दोन वर्षांपूर्वीचा एक फोटो शोधत होते. कुणीतरी नेमक्या याच अवस्थेत घडावर आलेल्या डावणीचा, म्हणजे बुरशीच्या रोगाचा, फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला होता आणि खाली दोघा-तिघांनी काय केलं, काय चुकलं ते सांगितलं होतं. फोटो सापडला नाही. तो ज्या मोबाइलवर होता तो पाण्यात पडला होता. नाना म्हणाले, "एवढं शिकलीस, याचं काही होत नाही का?"

नाना म्हणजे माझे सासरे. लग्नाआधी सहा वर्षं मी पुण्यात एका कंपनीत टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्यानं बनवलेल्यातल्या चुका काढणारी, स्वतः बनवणारी नव्हे. हा फरक घरात कुणालाच पटत नाही.

आमच्या भागातल्या द्राक्ष बागायतदारांचे चार व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. एका ग्रुपात १०२४ च्या वर माणसं घेता येत नाहीत, पण आमची अडचण ती नव्हतीच. आमच्याकडे सगळा हिशेब छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतो. एप्रिलची खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि त्यानंतर बाग पोंग्यात, दोड्यात, फुलोऱ्यात. प्रत्येकाची छाटणी वेगळ्या तारखेला. त्यामुळे एकाचा आजचा प्रश्न हा दुसऱ्याचा तीन आठवड्यांनंतरचा प्रश्न असतो. उत्तर ग्रुपवर येऊन गेलेलं असतं, पण ते तोवर 'शुभ सकाळ' आणि लग्नपत्रिकांच्या खाली गाडलं जातं. नवीन आलेल्याला तर मागचं काहीच दिसत नाही.

नवरा म्हणाला फेसबुकवर ग्रुप काढ, पाच मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. कॉलेजात असताना ऑर्कुटवर आमच्या बॅचची कम्युनिटी होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं आणि त्याबरोबर ती गेली. याहू ग्रुप्सवाल्यांचंही २०२० च्या डिसेंबरात तेच झालं. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडायचं नाही, चर्चेचं संकेतस्थळ स्वतःचं काढायचं, एवढं माझं ठरलं होतं. पुढचं काहीच ठरलं नव्हतं.

आधी मराठीत कोण काय वापरतं ते पाहिलं. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही सगळी मंडळी ड्रुपल नावाच्या संकेतस्थळ बनवायच्या सॉफ्टवेअरवर उभी राहिलेली. मला वाटलं, वाट मळलेली आहे, आपणही त्याच वाटेनं जावं. पण ही संकेतस्थळं जेव्हा वाढली तो काळ वेगळा होता. ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि ड्रुपल ११ मध्ये तर चर्चेचा तयार भाग मूळ गाभ्यातून काढून वेगळा ठेवलाय. ड्रुपलमध्ये काहीही बनवता येतं हे खरं. पण बनवणारा लागतो. मी चार दिवस त्यात घालवले आणि एक सुंदर रिकामं पान तयार केलं.

मग वर्डप्रेसवर बडीप्रेस ही सदस्यांच्या गप्पांसाठीची जोडणी टाकून पाहिलं. तिथं एका बारीक गोष्टीवर माझं मन उडालं. मराठी शीर्षक दिलं की पत्त्यात तेच मराठी जातं, आणि तो पत्ता व्हॉट्सअॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. देवनागरीचं एक चिन्ह तिथं नऊ अक्षरं खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. 'दोड्यात डावणी' एवढ्या शीर्षकाची चार ओळी लांब लिंक. ती पाहून आमच्या शेजारच्या काकांनी मला फोन केला, "सूनबाई, तुमचा मोबाइल हॅक झालाय." शीर्षकाऐवजी आकडा वापरायची सोय आहे तिथं, मला नंतर कळलं. पण तोवर काकांनी ती बातमी गावभर केली होती.

इथं मला माझा जुना धंदा आठवला. सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांची तुलना करणारे तक्ते वाचत बसण्यापेक्षा आपल्या माणसांना रोज काय करायचंय त्याची यादी करावी आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला ती करून दाखवायला लावावी. सव्वीस कामं निघाली. बागेत उभं राहून, एका हातात, उन्हात फोटो टाकणं. रेंज गेली तर लिहिलेलं टिकणं. पासवर्ड विसरल्यावर परत आत येणं. एखाद्यानं औषधाचं चुकीचं प्रमाण लिहिलं तर ते दुरुस्त होणं आणि आधी काय लिहिलं होतं तेही दिसणं. तपासायला पाच मोबाइल गोळा केले: नानांचा, काकांचा, पुतण्याचा, औषध दुकानदाराचा आणि काच तडकलेला माझा.

यादीत चर्चेच्या संकेतस्थळांसाठीची तीन सॉफ्टवेअरं उरली: पीएचपीबीबी, फ्लॅरम आणि डिस्कोर्स.

पीएचपीबीबी २००० सालापासून चालू आहे आणि साध्या, स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे सर्व्हरवरच्या भाड्याच्या सामाईक जागेवर, कुरकुर न करता चालतं. मला ते मनापासून आवडलं. नानांना नाही. पानावर इतके रकाने की सातबारा वाचतोय असं वाटतं, म्हणाले. फ्लॅरम दिसायला देखणं, हलकं, त्याच स्वस्त होस्टिंगवर बसणारं. पण मला हव्या त्यातल्या बऱ्याच गोष्टी वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या जोडण्यांमधून येणार होत्या. उद्या मूळ सॉफ्टवेअर पुढे गेलं आणि जोडणीवाल्यानं हात झटकले तर निस्तरायचं कुणी? मीच. आणि माझा हात तेव्हा बागेत.

डिस्कोर्स २०१३ मध्ये आलं. फुकट घेता येतं, पण साध्या होस्टिंगवर चालत नाही. स्वतःचा सर्व्हर लागतो. पहिल्या दिवशी ते जवळजवळ बादच झालं होतं. पुतण्यानं फोटो टाकला, तो फटकन गेला, सगळे खूश. काकांनी खाली लिहिलं, "डावणी वाटते". डिस्कोर्सनं नाकारलं. उत्तर किमान वीस अक्षरांचं हवं! काका अनुभवी माणूस, अकरा अक्षरांत निदान केलं, आणि हे यंत्र म्हणतंय अजून बोला. मग नाना 'गळ' शोधायला गेले. फुलोऱ्यातली गळ हा आमच्याकडे जिवाचा प्रश्न, आणि शोधायला किमान तीन अक्षरं लागतात असं उत्तर आलं. इंग्रजीत दोन अक्षरी शब्दानं काही शोधत नसतील बहुधा.

पण दोन्ही आकडे सेटिंगमध्ये निघाले. उत्तराची मर्यादा दोन केली, शोधाचीही दोन. वैशिष्ट्यांच्या एकाही तक्त्यात मला हे वाचायला मिळालं नव्हतं.

शोधाचं दुखणं मात्र पुरतं गेलेलं नाही. शब्दाची सुरुवात जुळली तर सापडतं, म्हणजे 'डावणी' लिहिलं की 'डावणीचा', 'डावणीवर' हे सगळं येतं. पण 'मणी' लिहिलं की 'मण्यांवर' येत नाही. शाळेत सामान्यरूप शिकवताना बाईंनी सांगितलं नव्हतं की याचा पुढं असा त्रास होईल. नानांनी त्यावर स्वतःच तोड काढली: शब्द अर्ध्यात सोडायचा, नुसतं 'मण' लिहायचं. बोलून लिहिण्याचंही तसंच. वयस्कर मंडळी कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलतात, छान उमटतं, फक्त 'डावणी'ची 'दावणी' होते. म्हणून रोगाचं नाव आणि छाटणीपासूनचे दिवस यांच्या खुणा (टॅग) मी आधीच करून ठेवल्या. लिहिणाऱ्यानं यादीतून निवडायच्या, आणि 'दावणी' ही 'डावणी'चीच दुसरी ओळख म्हणून लावून टाकली.

आत यायचा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. ईमेल आहे का विचारलं की निम्मे लोक नाही म्हणतात. पण अँड्रॉइड मोबाइल सुरू करताना दुकानदारानं गुगलचं खातं काढून दिलेलंच असतं. गुगलनं आत यायची सोय चालू केली आणि पासवर्डची कटकट संपली. एका काकांचं खातं दुकानदाराच्याच नावानं निघालं, ते वेगळं.

ज्या गोष्टीनं माझा निर्णय पक्का झाला ती चुकीच्या सल्ल्याची होती. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. इथं आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. त्या वर्षाची आठवण काढली की आजही नाना गप्प होतात. व्हॉट्सअॅपवरचा चुकीचा डोस निदान दोन दिवसांत वाहून जातो. संकेतस्थळावरचा मात्र पुढची दहा वर्षं शोधणाऱ्याला सापडत राहील. डिस्कोर्समध्ये लिहिलेलं बदललं तर आधीचं काय होतं ते दिसतं, आणि वाचणाऱ्यांनी 'हे चुकीचं' अशी खूण केली की मजकूर झाकला जातो. आता ही खूण करायच्या बटणाला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या ओसरीवर दोन संध्याकाळी गेल्या. बटणांवरचे शब्द एकेक करून बदलता येतात. मी 'तक्रार' लिहिलं होतं. आठवडाभर एकानंही ते दाबलं नाही, डोसाची ढोबळ चूक समोर असताना. बांधाला बांध लागलेल्या माणसाची तक्रार कोण करणार? नाना म्हणाले, 'शंका आहे' असं लिही. त्याच दिवशी तिघांनी दाबलं.

मग सर्व्हर. पैसे वाचवायला मी एक जीबी मेमरीचा घेतला. किमान तेवढी चालते असं वाचलं होतं, आणि चालतंही, पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना तो अर्ध्या वाटेत धापा टाकून पडला. संकेतस्थळ बंद. दिवस कुठला, तर गोडी छाटणी ऐन भरात असतानाचा. दोन जीबीचा घेतला आणि डिस्कवर थोडी जादा जागा मेमरीसारखी राखून ठेवली, तेव्हा कुठं तो उठला. त्यातही बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला होता, हे मला त्या रात्री दोन वाजता जाणवलं. सहा वर्षं दुसऱ्यांना याच चुकीवरून बोलले आहे मी. आता बॅकअप रोज दुसरीकडे जातो आणि महिन्यातून एकदा तो उघडतो का तेही पाहते.

ईमेल पाठवण्यानं दहा दिवस खाल्ले. सर्व्हर देणाऱ्या कंपनीनं ईमेलचं दार मुळातच बंद ठेवलेलं असतं, स्पॅमवाल्यांच्या भीतीनं. ईमेल पोचवणारी वेगळी सेवा घेतली, डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, म्हणजे ईमेल खरंच आमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या, नोंदी केल्या. त्यातल्या एका नोंदीत माझ्याकडून एक टिंब जास्त पडलं होतं. त्या टिंबाबद्दल मला आणखी बोलायचं नाही.

जुने चारही ग्रुप आत घालायचा बेत सोडून दिला. गप्पा बाहेर काढता येतात, पण फोटोंसह घेतल्या तर एका वेळी दहा हजारच मेसेज निघतात, आणि त्यातला कामाचा भाग निवडणार कोण? शिवाय कुणीतरी ग्रुपात विश्वासानं लिहिलेलं त्याला न विचारता दुसरीकडे मांडायचं हेही बरं नव्हे. नानांनी आणि काकांनी आठवून आठवून चाळीस प्रश्न सांगितले, ज्यांनी तेव्हा उत्तरं दिली होती त्यांना फोन करून पुन्हा विचारली, ती मी टाइप केली. पहिली वस्ती अशी झाली. २०२१ च्या आयटी नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, चोवीस तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल. ते पद बिनविरोध माझ्याकडे आलं.

व्हॉट्सअॅप काही बंद झालेलं नाही, होणारही नाही. प्रश्न अजून तिथंच पडतो. फरक इतकाच की आता कुणीतरी खाली आमची लिंक टाकतं. मराठी शीर्षकाला डिस्कोर्स पत्त्यात नुसता 'टॉपिक' आणि एक आकडा देतं. मला आधी ते ओबडधोबड वाटलं होतं, पण दीड ओळीत मावतं, आणि काकांना आता कुणी हॅक झाल्यासारखं वाटत नाही.

सर्व्हर, ईमेल आणि डोमेन मिळून महिन्याला साधारण दीड हजार जातात. वर्षाच्या शेवटी वर्गणी काढली. दोघांनी रोख दिले, उरलेल्यांनी फेब्रुवारीत घरी पेट्या पाठवल्या. एकोणीस पेट्या. आमची स्वतःची बाग असताना. सर्व्हरवाल्याला पेटी चालते का, ते नानांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं.