सात पिल्ले आणि शास्त्रीय नावाचा रकाना

डार्ट बेडकांच्या, म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या रानातल्या चिमुकल्या रंगीत बेडकांच्या, दोन जाती एका काचपेटीत ठेवू नयेत असे जाणकार बजावतात, तेव्हा ते भांडणे, उपासमार आणि रोगराई यांविषयी बोलत असतात. सरकारी नोंदणी अर्जातल्या शास्त्रीय नावाच्या रकान्याविषयी मला कोणीही सावध केले नव्हते, आणि माझे दोन महिने नेमके त्या रकान्यात गेले.

माझ्याकडे तीन ऑराटस, म्हणजे हिरवे-काळे, आणि तीन ल्यूकोमेलास, म्हणजे पिवळ्यावर काळे पट्टे असलेले, असे सहा बेडूक वेगवेगळ्या पेट्यांत होते. 2023 च्या मे महिन्यात जळगावचा पारा 44 अंशांपुढे गेला. या बेडकांना 22 ते 26 अंश मानवतात आणि तिशीपुढची उष्णता फार वेळ सोसत नाही. घरात एसी एकाच खोलीत, आणि त्या खोलीत जागा एकाच तीन फुटी पेटीपुरती, म्हणून सहाही जणांना मी ‘उन्हाळ्यापुरते’ एकत्र केले. पाऊस पडला, खोल्या थंड झाल्या, तरी आळसाने पेटी तशीच राहिली. दोघांच्याही शास्त्रीय नावाची सुरुवात डेंड्रोबेट्स अशीच आहे, हे मला तेव्हा सोयीचे वाटले होते. ते इतके जवळचे आहेत म्हणूनच त्यांचा संकर होतो, हे कळायला नारळाच्या करवंटीखाली अंडी दिसावी लागली. मध्य अमेरिकेतला ऑराटस आणि व्हेनेझुएला-गयानाकडचा ल्यूकोमेलास रानात एकमेकांना कधी भेटत नाहीत. ते माझ्या घरी भेटले. नखाएवढी सात पिल्ले बाहेर आली तेव्हा त्यांच्या अंगावर ना धड पट्टे होते, ना धड हिरवा रंग, तर मेंदीच्या पाण्यासारखा पिवळट डाग तेवढा होता.

पुढे 28 फेब्रुवारी 2024 रोजी विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. डार्ट बेडूक ‘साइटस’च्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करणे भाग होते, आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. सहा मोठ्या बेडकांची माहिती मी एका संध्याकाळी भरली. सातव्या ओळीला मात्र गाडी अडली, कारण पिल्लांचे नाव काय लिहायचे? ऑराटस लिहिले तर ते खोटे, ल्यूकोमेलास लिहिले तरी खोटेच, आणि रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकेना.

मी संबंधित कार्यालयात गेलो. पहिली फेरी ‘विषारी’ या एका शब्दाने वाया गेली. फोटो पाहून शिपाई दोन पावले मागे सरकला, “हाई काय शे भो?” म्हणाला, आणि टेबलामागच्या साहेबांनी विषारी प्राण्यांसाठी वेगळी परवानगी लागेल असे ठोकून दिले. या बेडकांचे विष रानातल्या मुंग्या आणि माइट नावाचे बारीक किडे खाण्यातून येते, फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात ते नसते, हे समजावण्यात तास गेला. दुसऱ्या फेरीला साहेब रजेवर होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी सुचवले, “जवळचं नाव टाका ना, कोण बघतंय?” ही सूचना मला सर्वांत जास्त झोंबली, कारण उद्या तपासणी झाली तर खोट्या नावाखाली सही माझी असणार होती. चौथ्या फेरीला आलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याने पाच मिनिटांत मार्ग काढला: आई-बाप दोन्ही जातींची नावे, पिल्लांची संख्या, प्रत्येकाचा वरून व बाजूने काढलेला फोटो आणि संकर कसा झाला याचा खुलासा, असे एक लेखी निवेदन त्याने स्वतः जोडून घेतले. त्या दिवशी घरी येताना मी दोन किलो भरीत घेतले, एवढा आनंद झाला होता.

बेडूक विकत घेतल्याची पावती जपून ठेवावी हे आधीच सांगायला हवे होते. माझी पावती फळमाश्यांच्या डब्याखाली चिकटलेली सापडली. बेडकांच्या खाण्यासाठीच्या त्या न उडणाऱ्या माश्या मी रावेरच्या पिकलेल्या केळ्यांवर वाढवतो. डब्याचे झाकण सैल ठेवू नये, कारण बाहेरची उडणारी माशी आत शिरली की पुढची पिढी उडू लागते आणि स्वयंपाकघरात आईचा आवाज चढतो.

आता पेट्या तीन आहेत. वेगळे केल्यावर लक्षात आले की एक ऑराटस एकत्र असताना पाल्याखालीच दबून असे आणि खाण्यासाठी बाहेर येत नसे. भांडण दिसले नाही म्हणून मी त्याला शांत स्वभावाचा समजत होतो. महिनाभरात त्याचे पोट भरले. संकराची पिल्ले मी कोणाला दिलेली नाहीत आणि देणारही नाही, कारण एकदा ती दुसऱ्याच्या पेटीत गेली की त्यांचे नाव विचारायला तोही त्याच टेबलासमोर उभा राहणार. चिमटे आणि पाण्याची फवारणी बाटली तिन्ही पेट्यांना वेगवेगळी ठेवली आहे. एका पेटीतली बुरशी दुसरीत न्यायला एक ओला चिमटा पुरतो.