हिल हाऊस, तिसरी फेरी: खिडकीच्या मागावर

‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस’ ही नेटफ्लिक्सची भयमालिका पुन्हा पहिल्यापासून बघायची माझी तिसरी फेरी रविवारी रात्री संपली. दहा भागांना अकरा रात्री लागल्या, कारण सहाव्या भागाने दोन घेतल्या. ज्यांनी मालिका अजून पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबा, खरंच. त्या घरातल्या कुलूपबंद लाल खोलीचं गुपित आधी कळलं तर पहिल्यांदा बघण्याचा तो धक्का परत मिळत नाही.

2018च्या ऑक्टोबरमध्ये मालिका आली तेव्हा मी फक्त गोष्ट बघितली: आई ऑलिव्हिया, बाप ह्यू आणि पाच मुलं (स्टीव्हन, शर्ली, थिओ आणि जुळी ल्यूक-नेल) हिल हाऊस या झपाटलेल्या घरात राहायला येतात, आणि मुलं मोठी झाली तरी ते घर त्यांची पाठ सोडत नाही. दुसऱ्या फेरीत बाकीच्या चाहत्यांसारखी लपलेली भुतं शोधली: पियानोखाली, जिन्यामागच्या अंधारात, काचेच्या दारापलीकडे. दिग्दर्शक माइक फ्लॅनागनने ती मुद्दाम पेरली आहेत, आणि कॅमेरा त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. या वेळी भुतं बाजूला ठेवली आणि खिडकी धरली. लाल खोलीची ती उंच, अरुंद, उभी खिडकी.

पद्धत साधी होती. खोलीतले दिवे बंद, टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण वर, एका हातात रिमोट, मांडीवर वही. वहीत चार रकाने: भाग, मिनिट, खोली, खोलीत कोण. खिडकी दिसली की पॉज करायचं, चौकट नीट बघायची, मगच नोंद.

तिसऱ्या रात्रीपर्यंत चित्र दिसायला लागलं. थिओची नाचायची खोली, नेलची खेळण्यांची खोली, आई ऑलिव्हियाची वाचायची खोली, स्टीव्हनची गेम रूम, शर्लीची फॅमिली रूम. सगळीकडे तीच खिडकी. शेवटच्या भागात भूत झालेली नेल सांगते की या सगळ्या खोल्या म्हणजे ती एकच लाल खोली, आणि ती या घराचं पोट आहे. ज्याला जे हवं तेच रूप खोली घेते, म्हणजे माणूस आत शांत बसतो आणि घर त्याला सावकाश पचवतं. हे ऐकल्यावर आपण चमकतो, पण पुरावा पहिल्या भागांपासून डोळ्यांसमोर होता.

मला सगळ्यात जास्त चटका लावला तो ल्यूकच्या झाडावरच्या घराने. पोरगं तिथे बसून चित्रं काढतं, बाहेर ‘मुलींना प्रवेश नाही’ अशी पाटी. पुढे कितीतरी वर्षांनी बाप सहज बोलून जातो की तिथे झाडावर घर कधी नव्हतंच. त्या वाक्यावर पॉज करून मी मागे गेलो आणि झाडावरच्या घराचा प्रसंग पुन्हा लावला. भिंत लाकडी, बाकी सगळं वेगळं, खिडकी तीच. आणि ॲबिगेल! सगळ्यांना वाटलं ती ल्यूकच्या मनातली मैत्रीण आहे. ती घराची देखभाल करणाऱ्या डडली जोडप्याची हाडामांसाची मुलगी होती, आणि तिला काय झालं ते आपण लाल खोलीतल्या त्या चहाच्या वेळी बघतो. तो प्रसंग मी या वेळीही सलग बघू शकलो नाही.

आता सहावा भाग. वादळाच्या दोन रात्री, एक बालपणातली आणि एक नेलच्या अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवसाची, आणि अख्खा भाग पाच लांब शॉटमध्ये घेतलेला. मोठेपणी शर्ली चालवते त्या फ्युनरल होमचा (अंत्यविधीच्या जागेचा) आणि हिल हाऊसचा सेट एकमेकांना जोडून उभारला होता, त्यामुळे म्हातारा ह्यू एका पॅसेजमधून चालत जातो आणि कट न होता जुन्या घरात पोहोचतो. सुरुवातीला तो आपल्या मोठ्या झालेल्या मुलांकडे बघतो, कॅमेरा त्याच्याभोवती फिरतो, आणि समोर तीच मुलं लहान होऊन उभी असतात. फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन बघितलं, कुठे सांधा सापडत नाही.

पण माझ्या दोन रात्री गेल्या त्या नेलपायी. बालपणीच्या वादळात छोटी नेल हरवते. सापडल्यावर रडत सांगते की मी इथेच होते, ओरडत होते, हात हलवत होते, तुमच्यापैकी कुणालाच मी दिसले नाही. आणि आजच्या रात्री भावंडं शवपेटीसमोर एकमेकांवर ओरडत असतात तेव्हा मागे अंधारात ती परत उभी असते, आणि परत कुणी बघत नाही. दुसऱ्या फेरीत मी तिथे ‘एक भूत’ एवढीच खूण केली होती. ती नोंद या वेळी खोडून नाव लिहिलं.

चाहत्यांच्या थिअऱ्यांबद्दल थोडं. पाच भावंडं म्हणजे शोकाच्या पाच पायऱ्या, ही थिअरी फ्लॅनागनने स्वतःच मान्य केली आहे. पहिले पाच भागही त्याच क्रमाने जातात: स्टीव्हनचा नकार, शर्लीचा राग, थिओची घासाघीस, ल्यूकची निराशा, नेलचा स्वीकार. माझ्या मते थिओच्या बाबतीत ती जरा ओढूनताणून बसते. हातमोजे घालून जगाला दूर ठेवणारी बाई घासाघीस कुठे करते? यावर कुणाकडे चांगलं उत्तर असेल तर मला हवंच आहे. ल्यूक सातपर्यंत आकडे मोजतो, कारण घरात माणसं सात, हे मात्र चपखल बसतं.

चाहत्यांमधला शेवटचा वाद तोच: मालिकेचा सुखान्त खरा, की सगळे अजून लाल खोलीतच आहेत? ल्यूकच्या व्यसनमुक्तीला दोन वर्षं झाली म्हणून आणलेला केक लाल आहे, हा त्या बाजूचा मोठा पुरावा. केकचा रंग मीही बघितला. पण मी खिडकीवर ठाम आहे. त्या प्रसंगात मागे लाल खोलीची खिडकी दाखवायचा विचार फ्लॅनागनने केला होता आणि तो फार क्रूर वाटला म्हणून सोडून दिला, हे त्याने मुलाखतीत सांगितलंय. मी तो प्रसंग चार वेळा थांबवून बघितला. खिडकी नाही. माझ्या वहीत ल्यूक सुटला.

चौथी फेरी कानांनी करणार आहे. भाग चौथा, ल्यूक पलंगाखाली, आणि जमिनीपासून वर तरंगणाऱ्या त्या उंच माणसाच्या भुताच्या काठीची टकटक. ती टकटक आणखी कुठल्या भागात पार्श्वभूमीला दडली आहे का, ते हेडफोन लावून ऐकायचंय. वहीत पाचवा रकाना आखून ठेवलाय: आवाज.