ड्रोनच्या प्रॉप माउंटची उन्हाळी नोंद: पाच इंची, तीन इंची आणि जुनी ४५०

पाच इंची प्रॉप (पंखा) लागणाऱ्या ड्रोन फ्रेमचं माउंट आता नक्की झालं: मोटरचा एम-५ शाफ्ट, बेलची (मोटरच्या फिरणाऱ्या बाहेरच्या वाटीची) खडबडीत बैठक, वर साधा स्टीलचा नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) आणि ८ मिमीचा पाना. ॲल्युमिनियमचे रंगीबेरंगी नट दिसतात छान, पण नटामागे ग्रॅमभर वजन वाचवण्यासाठी आटे लवकर गुळगुळीत करून घेण्यात शहाणपण नाही. स्टीलचा एम-५ नायलॉक, ०.८ मिमी पिचचा, जळगाव-धुळ्याच्या नट-बोल्टच्या दुकानात सुटा मिळतो. फक्त दातेरी फ्लँजचा घेऊ नका. आवळताना ते दात प्रॉपच्या प्लास्टिकच्या हबला, म्हणजे मधल्या जाड भागाला, खरवडतात.

प्रॉप फिरतो तो हब आणि बेल यांच्यामधल्या घर्षणामुळे. नट फक्त वरून दाब देतो आणि नायलॉनची कडी तो नट जागेवर ठेवते. म्हणून तपासण्या दोनच, पण प्रत्येक उड्डाणाआधी. शाफ्टचा एखाद-दुसरा पूर्ण आटा नायलॉनच्या वर दिसला पाहिजे. जाड हबचा तीन पात्यांचा प्रॉप घेतला आणि आटे नायलॉनपर्यंत पोचलेच नाहीत, तर तो नट बिनकडीचा साधाच समजा. दुसरी गोष्ट, शेवटचे आटे पान्याशिवाय, बोटांनी फिरत असतील तर नट फेकून द्या. नट स्वस्त आहे, मोटर नाही.

कोणता नट आधी सैल होईल हे आधीच सांगता येतं. मोटर वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल, तर वेग वाढताना प्रॉप मागे राहतो आणि नटाला उलट्या दिशेनं ओढतो. आटे सरळ असल्यानं तो नट सुटू पाहतो. बीटाफ्लाइट या ड्रोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ मांडणीत अशा मोटरी म्हणजे १ आणि ४, मागची उजवी आणि पुढची डावी. प्रॉप बाहेरच्या बाजूला फिरवणारी उलटी मांडणी ठेवली असेल तर २ आणि ३. नवे नट मोजकेच असतील तर आधी तिथे लावा. उरलेल्या दोन मोटरींवर ब्रेक लागताना हीच ओढ उलटी येते, त्यामुळे त्यांनाही सूट नाही.

याच कारणानं जुन्या ४५० फ्रेमवरचे (कर्णावर मोटर ते मोटर ४५० मिमी) आपोआप आवळणारे प्रॉप उतरवले. त्यांत घड्याळाच्या दिशेच्या मोटरीला उलटे आटे असतात, म्हणून थ्रॉटल दिला की प्रॉप घट्ट होतो. बीएलहेली-एस हे फर्मवेअर असलेले ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं) मात्र थ्रॉटल कमी करताच मोटरला ब्रेक लावतात. मोटर मंदावते, दहा इंची प्रॉप स्वतःच्या जडत्वानं पुढे जाऊ पाहतो आणि आटे उघडतात. ब्रेक न लावणाऱ्या जुन्या ईएससीवर ती पद्धत ठीक होती.

आता ४५० वर २२१२ आकाराची मोटर, ३.१७ मिमी शाफ्ट, कॉलेट ॲडॉप्टर (गुळगुळीत शाफ्टला आवळून पकडणारी चिरलेली नळी) आणि १०४५, म्हणजे दहा इंची प्रॉप. कॉलेट घेताना भोक ३.१७ चंच आहे ना, हे बघून घ्या. ३ आणि ३.१७ मिमीची कॉलेट एकाच पुडीत मिसळलेली निघतात, चुकीचं आवळलं तरी बसल्यासारखं वाटतं, पण मधोमध बसत नाही. दुसरी खोड जास्त फसवी आहे. नट प्रॉपला दाबतो, प्रॉप खालच्या चकतीला, आणि ती चकती उतरत्या कॉलेटवर सरकून त्याला आवळते. हब पातळ असला तर नट आट्यांच्या शेवटाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, पण कॉलेट सैलच राहतं. अशा वेळी वर एक वायसर घाला. शाफ्टवर तेलाचा अंश नको, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून कोरडा करा. भोक लहान करायला प्रॉपसोबत येणाऱ्या रिंगांतली नेमकी बसणारीच वापरा. ढिल्या रिंगेत प्रॉप एका बाजूला सरकतो, आणि मग त्या थरथरीसाठी पीआयडी (ड्रोन स्थिर ठेवणारी सेटिंग) बदलत बसण्यात काही अर्थ नाही.

आता उन्हाचं. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. नायलॉक त्यानं वितळत नाही, नायलॉन शंभर अंशांपलीकडेही टिकतं. त्रास होतो पॉलिकार्बोनेटच्या हबला. उन्हात ठेवलेल्या काळ्या कार्बन फ्रेमवर हब तापतो, दाबाखाली हळूहळू बसतो आणि नटाचा दाब उतरतो. म्हणून पहिली बॅटरी संपली की पुन्हा पाना लावा. फिरला तर नट फेरीचा जेमतेम आठवा भाग फिरतो, पण फिरतो. शिवाय ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. तेवढंच वजन उचलायला मोटरीला सुमारे ५ टक्के जास्त फेरे लागतात आणि हबवरचा केंद्रापसारी ताण सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. पांढुरके चरे पडलेला प्रॉप हिवाळ्यात एखादे वेळी चालून जाईल, मेमध्ये नको.

काळ्या मातीच्या शेतात उतरवणाऱ्यांसाठी: ही माती बेसाल्टची, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक काळे कण असतात. ते थेट बेलच्या चुंबकांवर आणि बैठकीवर जाऊन बसतात. बैठकीवर एका बाजूला कण राहिले तर प्रॉप तिरका बसतो. चिकटपट्टीचा चिकट भाग दाबून ते उचला, मग ब्रश फिरवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, कण बेअरिंगमध्ये शिरतात. कापूस वेचणीच्या दिवसांत बेल आणि शाफ्टमध्ये गुंडाळलेले तंतू चिमट्यानं काढा.

पडल्यावर प्रॉप काढून बेल हातानं फिरवा आणि शाफ्टच्या टोकाकडे बघा. टोक डुलत असेल तर ठोकून सरळ करू नका, बेल बदला.

तीन इंची फ्रेमवर टी-माउंट आहे, १.५ मिमी शाफ्ट आणि दोन एम-२ स्क्रू. इथे सगळा घोळ स्क्रूच्या लांबीचा. हबची जाडी अधिक साधारण २ मिमी, त्यापेक्षा जास्त नको. लांब स्क्रू बेलमधून खाली निघून तारांच्या लेपाला घासतो, शॉर्ट होतं आणि ईएससी जळतो. स्क्रू लावल्यावर बॅटरी न जोडता बेल पूर्ण फेरीत फिरवा. कुठे अडखळली किंवा खरखर आली तर छोटा स्क्रू घ्या. सॉकेट डोक्याच्या एम-२ ला १.५ मिमीची ॲलन की लागते, डोकं झिजलेला स्क्रू लगेच बदला. आणि काय भो, थोडं लॉकटाईट (आटे चिकटवणारा द्रव) लावू का, असं विचारणाऱ्यांना उत्तर: प्रॉप पॉलिकार्बोनेटचा असेल तर नाही. लॉकटाईटनं भोकाभोवती तडे जातात. ते फक्त धातूवर धातू असेल तिथे, म्हणजे मोटर फ्रेमच्या आर्मवर (भुजेवर) बसवणाऱ्या एम-३ स्क्रूंना, तेही निळंच.