अर्धवेळ ग्रंथपाल, पूर्णवेळ बुरशी

१२ ऑगस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रंथपाल दिनाच्या शुभेच्छा येतात, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा फोटो आणि खाली गुलाबाची फुलं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मग दुसऱ्या तासाला शिपाईदादा निरोप आणतात, "बाई, नववी ब वर ऑफ तास आहे, हेडसरांनी तुम्हाला जायला सांगितलंय," की निघालो आपण खडू घेऊन.

मी सिंधुदुर्गातल्या एका हायस्कूलात ग्रंथपाल आहे. अर्धवेळ. हे अर्धवेळ प्रकरण बाहेरच्या माणसाला समजावताना नाकी नऊ येतात. साधारण हिशोब असा की शाळेचा पट हजाराच्या वर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशेच्या वर असेल तर अर्धवेळ, आणि त्याच्या खाली गेलात की पदच नाही. आता कोकणात हजार पोरं आणायची कुठून ते सांगा. निम्मं गाव मुंबईला, घरात आजी-आजोबा, शाळा टिकवायला मास्तर लोक मे महिन्यात घरोघर फिरून अ‍ॅडमिशन मागतात अशी परिस्थिती. मग ग्रंथपाल रिटायर झाला की पदही त्याच्याबरोबर रिटायर होतं, चावी जाते एखाद्या भाषेच्या मॅडमकडे, त्यांच्याकडे आधीच वर्ग, स्कॉलरशिपचे फॉर्म, पोर्टलवरची माहिती आणि वर स्नेहसंमेलन, त्या कपाट उघडणार कधी?

गंमत म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सरळ लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टीची पुस्तकंसुद्धा. कायद्यात गोष्टीची पुस्तकं! मी तर खूशच झाले होते वाचून. पण त्याच परिशिष्टात किती मुलांमागे किती शिक्षक ते मोजून दिलंय आणि ग्रंथपाल हा शब्दच नाही. म्हणजे पुस्तकं आपापली कपाटातून उतरून मुलांच्या हातात जाणार असं काहीतरी असावं.

बी.लिब. म्हणजे ग्रंथपालाची पदवी करताना वर्गीकरण, तालिकीकरण (म्हणजे पुस्तकांची सूची करणं), विषयवार पुस्तकांना द्यायचे ड्युईचे नंबर सगळं शिकवलं, कोकणातला पावसाळा कोणी शिकवला नाही. इथे जुलैत कपाट उघडलं की आधी वास येतो. पुठ्ठ्यावर पांढुरकी बुरशी, मग ती हिरवट होते, बांधणीची खळ ओल धरते आणि नेमकं तिथेच कसर, म्हणजे पुस्तकं खाणारा किडा, लागते, कसरीला खळ फार आवडते. लोखंडी कपाट भिंतीला टेकवून ठेवलं की मागचा पत्रा गंजतो आणि खालच्या फळीची पुस्तकं एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खाली विटा, पुस्तकं गच्च न भरता थोडी सैल, आणि पुसायचं ते कोरड्याच फडक्याने. डांबरगोळ्यांनी किडे लांब राहतात पण बुरशीला त्या काही करत नाहीत, तिला हवा खेळती लागते, म्हणजे पंखा लागतो, आणि पंख्याचा अर्ज... असो. २०२१ मध्ये २२ जुलैला चिपळूण बुडालं त्यानंतर भिजलेल्या पुस्तकांचं काय करायचं म्हणून ओळखीतल्यांचे बरेच फोन आले. उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. सावलीत उभी करा, पानांच्या मध्ये मध्ये कोरा कागद घाला, तो बदलत राहा, आणि जे काय करायचं ते दोन दिवसांत, नंतर बुरशी धरली की मग अवघड.

पण हे झालं पुस्तकांचं. पोरांचं सांगते.

आठवीतला एक मुलगा, रापणवाल्यांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्यांच्या घरातला, वाचनात शून्य रस, लायब्ररीच्या तासाला खिडकीत बसायचा. एक दिवस आला आणि म्हणाला, "बाई, कासवाचा पुस्तक आसा?" त्याचा काका किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतो, खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी, दीडेक महिन्याने पिल्लं, हे सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्याला हवं होतं वेगळंच, पिल्लांत मादी किती नि नर किती हे ठरतं कशावर. मी ५९७ नंबरची फळी दाखवली, ड्युईने मासे आणि कासव एकाच नंबरात टाकलेत. मराठी पुस्तकात ते नव्हतं, इंग्रजी विश्वकोशात सापडलं, तिथे बसून दोघांनी लावला अर्थ. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. त्याने ते वहीत लिहून घेतलं, काकाला दाखवायला. काका म्हणे आधी हसला आणि मग वही परत मागून वाचली. मुलगा नंतर वाचनवेडा वगैरे झाला नाही हां, पण खिडकी सुटली, ५९७ च्या फळीपाशी बसायला लागला.

आता हे गूगलवर मिळालं असतं असं म्हणणारे आहेतच, मिळालंही असतं, पण तो विचारायला आला होता. उघड्या खोलीत बसलेलं, त्याला नावानिशी ओळखणारं कोणीतरी होतं म्हणून आला.

आणि कपाटाला कुलूप का, यावर एकदा बोलायलाच हवं. ग्रंथपाल खडूस म्हणून नाही (काही असतात, नाकारत नाही). प्रत्येक पुस्तक दाखल रजिस्टरला चढलेलं असतं, तपासणीत एक कमी निघालं की भरून कोण देणार हा प्रश्न थेट आपल्या पगारापाशी येतो. फाटकं पुस्तक निर्लेखित करायला, म्हणजे रजिस्टरातून काढून टाकायलासुद्धा ठराव, याद्या, सह्या. मग माणूस घाबरून कुलूप लावतो. रंगनाथन, जे मुळात गणिताचे मास्तर, त्यांनी १९३१ मध्ये पहिलाच नियम सांगितला की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. वापरलं की फाटणार, हरवणार, हे हिशोबात धरा एवढंच म्हणणं आहे. वर्षाला थोडी पुस्तकं हरवली तर ती लायब्ररी चालू असल्याची खूण समजा.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. आपल्याकडे वाचनालयाचं कौतुक जुनं आहे, मग शाळेतल्याच लायब्ररीला स्टोअररूमच्या शेजारची अंधारी खोली का?

तुम्ही पालक असाल तर पुढच्या पालकसभेत मार्कांचं झालं की एवढं विचारा की वेळापत्रकात लायब्ररीचा तास आहे का, तो खरंच होतो का, आणि चावी कोणाकडे असते. आम्ही विचारून काही होत नाही, पालकाने विचारलं की मिनिट्समध्ये येतं.

आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना एक विनंती, गाडीत जागा उरली म्हणून मुलाची जुनी सीएची पुस्तकं आणि पाठीमागची पानं गेलेली गाइडं शाळेला दान करू नका. ती नाकारता येत नाहीत, रजिस्टरला चढतात आणि मग माझ्याच उरावर. द्यायचंच असेल तर आधी फोन करून विचारा, पाचवीच्या पोरांना मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं हवीत, कासवांवर मराठीत काही असेल तर दोन प्रती, आणि पंखा चालेल. पंखा तर आजच चालेल.