फाईल समोर दिसतेय आणि मशीन म्हणतंय फाईलच नाहीये

सोमवारी टीममध्ये एक मुलगी नवीन जॉइन झाली, विंडोज लॅपटॉप घेऊन. आमच्याकडे बाकी सगळे मॅकवाले आणि दोघं लिनक्सवाले. नवीन माणसाला रीडमी (प्रोजेक्ट कसा सुरू करायचा ते लिहिलेली फाईल) द्यायची आणि संध्याकाळपर्यंत प्रोजेक्ट त्याच्या मशीनवर चालला पाहिजे, अशी आमची पद्धत. ती रीडमी मी लिहिलेली आणि खरं सांगतो, मला तिचा जरा माज होता. फक्त तीन कमांड. क्लोन करा म्हणजे कोड मशीनवर उतरवा, कॉन्फिगची (सेटिंग्जची) फाईल कॉपी करा, डॉकर कंपोज अप. डॉकर म्हणजे प्रोग्राम लिनक्सच्या डब्यात बंद करून चालवणारं टूल, ते आहे म्हटल्यावर ओएस कुठली का असेना, हे मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलेलं.

तिचा कंटेनर, म्हणजे डॉकरचा तो डबा, सुरू व्हायचा आणि लगेच मरायचा. लॉगमध्ये एकच ओळ, एन्ट्रीपॉइंटच्या, म्हणजे कंटेनरमध्ये सगळ्यात आधी चालणाऱ्या स्क्रिप्टचं नाव आणि पुढे 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. इमेजच्या, म्हणजे ज्यातून कंटेनर बनतो त्या साच्याच्या, आत शिरून बघितलं तर फाईल तिथेच. पाथ बरोबर, परमिशन बरोबर, उघडली तर अक्षर न् अक्षर बरोबर. मग कॅश उडवून बिल्ड करायला लावलं, डॉकर काढून परत टाकायला लावलं, रीस्टार्ट तर तीनदा, आणि शेवटी सगळे म्हणतात तेच मी पण म्हणालो, माझ्याकडे तर चालतंय. वर आणखी, "उबंटू टाकून घे ना, कशाला डोक्याला ताप."

दुपारी वैतागून फाईल दाखवणाऱ्या कॅट कमांडला 'मायनस कॅपिटल ए' लावलं, त्याने न दिसणारी अक्षरं पण दिसतात. शीबँगच्या, म्हणजे स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या, शेवटी टोपीवाला एम (^M)! खाली प्रत्येक ओळीला तोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विंडोजवर ओळ दोन बाईटनी संपते, 13 आणि 10, म्हणजे कॅरेज रिटर्न (सीआर, तोच टोपीवाला एम) आणि लाईन फीड (एलएफ), टेलिटाइपच्या काळापासून चालत आलेलं लोढणं. लिनक्स-मॅकवर नुसता 10. विंडोजचं गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) इन्स्टॉल करताना सगळीकडे नेक्स्ट-नेक्स्ट केलं की ते चेकआउटच्या वेळी, म्हणजे फायली मशीनवर उतरवताना, एलएफचं सीआरएलएफ करून देतं. डॉकरने ती फाईल जशीच्या तशी इमेजमध्ये घेतली. आत लिनक्सचा कर्नल (गाभा) शीबँग वाचतो आणि त्याला बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम (इंटरप्रिटर), नाही दिसत, त्याला दिसतं बॅश आणि शेपटाला चिकटलेला न दिसणारा 13. त्या नावाचा प्रोग्राम खरंच कुठे नसतो. म्हणजे सापडत नव्हता इंटरप्रिटर आणि एरर नाव घेत होती स्क्रिप्टचं. असे मेसेज बघितले की हात जोडावेसे वाटतात.

उपाय एका ओळीचा. गिटला नियम सांगणाऱ्या गिटअॅट्रिब्यूट्सच्या फाईलमध्ये सगळ्या टेक्स्ट फायलींना एलएफ सक्तीचं केलं, मग रीनॉर्मलाइज, म्हणजे आधीच्या फायलींना पण तोच नियम. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर ऑटोसीआरएलएफ (ओळींचे शेवट बदलायची गिटची सेटिंग) सेट करायचं हा प्रकार मला कधीच पटला नाही, कारण माणसं विसरतात, ही फाईल मात्र रेपोबरोबर, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडबरोबर, सगळीकडे जाते. जाता जाता चाळीसेक जुन्या फायली पण सुधारल्या, कुणीतरी कधीकाळी सीआरएलएफसकट कमिट केलेल्या.

इथपर्यंत ठीक. पण सकाळी अकरालाच ती मला म्हणाली होती, "सर, माझ्या एडिटरमध्ये खाली सीआरएलएफ दिसतंय, तुमच्या स्क्रीनवर एलएफ होतं, त्याने काही होत असेल का?" आणि मी मान वर न करता म्हणालो, "ते सोड, त्याचा काही संबंध नाही."

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मी एम वन मॅक (आर्म जातीच्या चिपवाला) घेतला तेव्हा मायएसक्यूएल 5.7 या डेटाबेसची आर्म इमेजच नव्हती, सगळी टीम दोन दिवस त्यात अडकली, शेवटी कंपोज फाईलमध्ये इंटेलवाली इमेज घ्यायला सांगणारी प्लॅटफॉर्मची ओळ टाकली. मला कुणी मशीन बदल म्हणालं नाही. मॅकची डिस्क डीफॉल्टमध्ये फाईलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल एकच धरते, त्यामुळे माझा चुकीचा इम्पोर्ट (दुसऱ्या फाईलचं नाव चुकीच्या कॅपिटल-स्मॉलमध्ये लिहिलेली ओळ) माझ्याकडे मस्त चालला आणि लिनक्सवरच्या सीआयमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर, बिल्ड पडला, तर त्याला आम्ही 'कोडबेस क्लीनअप' म्हणालो. फाईलमधला मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडच्या 'मायनस आय'ला मॅकवर रिकामे कोट्स लागतात, लिनक्सवर चालत नाहीत, त्यासाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी इफ-एल्स आहे, ती पण मीच लिहिलीये. आमचं अडलं की तो प्रोजेक्टचा प्रॉब्लेम आणि तिचं अडलं की तिच्या लॅपटॉपचा.

मंगळवारी तिला म्हटलं, रीडमी आता तूच लिही. सात पायऱ्या झाल्यात. विंडोज असेल तर सी ड्राइव्हवर नको, डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमधल्या लिनक्सच्या) आत क्लोन करा, हे तिने सगळ्यात वर टाकलंय कारण बाहेरून फायली वाचायला फार वेळ लागतो. माझ्या तीन कमांडपैकी दुसरी पण बदललीये. ती 'सीपी', म्हणजे लिनक्स-मॅकवरची कॉपीची कमांड, होती, आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सीपी नावाची कमांडच नसते. मी म्हटलं, मग सोमवारी काय केलंस? म्हणाली, एक्सप्लोररमधून कॉपी-पेस्ट केलं, तुम्हाला परत विचारलं नाही.