सोळा रिळं म्हणजे पैसा वसूल

आमच्या गावच्या टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट यायचं ना, त्यावर आम्हा पोरांची नजर एकाच आकड्यावर, रिळं किती? बारा दिसली की तोंडं पडायची, सोळा-सतरा दिसली की शिट्ट्या. शेजारी मीटरमध्ये लांबीपण लिहिलेली असायची, पण ती कोण वाचतंय. एक रीळ म्हणजे दहा-एक मिनिटं, एवढा हिशोब सगळ्यांना पाठ.

मामा तिथेच ऑपरेटर, त्यामुळे पक्का हिशोब पुढे त्याच्याकडून कळला. ३५ एमएमला एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला पळतात २४, म्हणजे सेकंदाला दीड फूट. हजार फुटी रीळ काठोकाठ भरलं तर ११ मिनिटं. आजीची नऊवारी मशीनमधून सोडली असती तर १८ सेकंदांत खलास! सर्टिफिकेटवरची सोळा रिळं मामाच्या बूथमध्ये मात्र आठच व्हायची, कारण तो दोन-दोन जोडून दोन हजार फुटी स्पूलवर चढवायचा. स्पूल संपत आला की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकायचा, तो दिसला की दुसरं मशीन चालू. एकदा त्याने दाखवला आणि झालं, मग मी कितीतरी पिक्चर ठिपक्याची वाट बघण्यातच घालवले, हिरॉईन रडतेय आणि मी कोपऱ्यात बघतोय.

फुटांवर पिक्चर मोजायची सवय तशी पहिल्यापासूनचीच. फाळक्यांचा १९१३ चा राजा हरिश्चंद्र ३,७०० फूट, चार रिळं. जाहिरात काय केली, तर ५७ हजार फोटो, दोन मैल लांब चित्र, आणि तेही तीन आण्यात! आता ५७ हजारांना १६ ने भागा, साडेतीन हजार फुटांच्या आसपास येतं, आणि मैल असतो ५,२८० फुटांचा. पाऊण मैलसुद्धा नाही हो. पण फोटोंचा आकडा जवळपास बरोबर आणि मैलांचा बिनधास्त फुगवलेला, हे मला जाम आवडतं.

आता थिएटरात हार्डडिस्क येते, तिला कसले फूट न् कसलं काय. तरी पडलेला पिक्चर अजून 'डब्यात'च जातो आणि भाची दिवसभर 'रील' बघते, तिचं दीड मिनिटाचं रील म्हणजे १३५ फूट, हे मी तिला सांगितलं तर म्हणाली मामा प्लीज.

मामाने दिलेला फिल्मचा एक रिकामा डबा आमच्याकडे आहे, पत्र्याचा, पसरट, झाकण उघडायला नाणं लागतं. आईने तो शिवणकामाला घेतलाय. परवा भाचीच्या ड्रेसचं बटण तुटलं तर ती विचारत होती, आजी, पांढरं रीळ कुठाय गं, आणि आतून आवाज आला, डब्यात बघ.