चुन्याची रेघ आणि पंचाचे पाय

फुटबॉल बघत वाढलेल्या गोंयकाराला बेसबॉलमधली एक गोष्ट लगेच पटते: रेघ ही मैदानाचाच भाग. चुन्याला नुसता चाटून गेलेला चेंडूही फेअर, म्हणजे खेळात; रेघेबाहेरचा तो फाउल. होम प्लेट (फलंदाजाजवळची पाटी), पहिला आणि तिसरा बेस (धावपटूने गाठायची ठाणी), अगदी रेघेच्या टोकाचा खांब, म्हणजे फाउल पोलसुद्धा फेअरमध्येच येतो. इथवर वाद होत नाहीत. वाद होतात ते पंच चुकीच्या जागी उभा असतो किंवा रेघ नेमकी कुणाची हे दोघा पंचांनी आधी ठरवलेलं नसतं म्हणून.

आधी नियमातली खोच. बेसच्या अलीकडे टप्पा कुठे पडला याला काही किंमत नाही. चेंडू कुठे थांबला किंवा कुठे कुणाचा हात लागला तेवढंच बघायचं. फोंडा-डिचोलीकडच्या तांबड्या मातीच्या मैदानावर हळू बंट केलेला (बॅट नुसती आडवी धरून टेकवलेला) चेंडू रेघेबाहेर जातो, एखाद्या खड्यावर अडखळतो आणि परत आत येऊन थांबतो. तो फेअर. पंचाने घाईने ‘फाउल’ ओरडून टाकलं असेल तर खेळ तिथेच मेला.

टप्पे घेत जाणारा चेंडू बेसवरून पुढे जातो तेव्हा त्या क्षणी तो कशावर आहे ते बघायचं. टप्पा घेऊन तिसऱ्या बेसवरून गेला आणि पुढे चार हात बाहेर पडला, तरी फेअर. उंच मारलेल्या चेंडूचं बरोबर उलट: बेसवरून आतून गेला तरी पहिला टप्पा पलीकडे बाहेर पडला तर फाउल. हे दोन प्रकार एकाच नजरेने बघणारे पंच हमखास फसतात, कारण डोळा आपोआप चेंडू पडतो तिकडे धावतो. सरपटी चेंडूसाठी डोळा बेसवर रोखून ठेवायची सवय मुद्दाम लावावी लागते.

झेलाच्या वेळी क्षेत्ररक्षकाचे पाय बघू नयेत. हात लागला त्या क्षणी चेंडूतून ओळंबा सोडला असता तर तो कुठे टेकला असता, एवढाच प्रश्न. आणि आधी फेअर-फाउल, मग झेल.

आता जागा. आपल्याकडे बहुतेक सामन्यांना दोनच पंच मिळतात: होम प्लेटमागचा प्लेट अंपायर आणि बेसकडचा बेस अंपायर. बेसवर कुणी नसेल तर बेस अंपायर फर्स्ट बेसमनच्या (पहिला बेस सांभाळणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या) मागे १० ते १२ फुटांवर, दोन्ही पाय रेघेबाहेर ठेवून उभा राहतो. पहिल्या बेसच्या पुढच्या कडेपासून पलीकडची रेघ त्याची. त्या कडेच्या अलीकडचं सगळं आणि तिसऱ्या बेसच्या बाजूची पूर्ण रेघ प्लेट अंपायरची. बेसवर धावपटू आला की बेस अंपायर आत, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) मागच्या बाजूला सरकतो, आणि तिथून त्याला एकही रेघ सरळ दिसत नाही. मग दोन्ही रेघा, अगदी कुंपणापर्यंत, प्लेट अंपायरच्या. आत उभ्या असलेल्याने कितीही खात्री वाटली तरी तोंड उघडू नये. एकाचा हात फेअर दाखवतोय आणि दुसरा ‘फाउल’ ओरडतोय, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

प्लेट अंपायरने फटका बसताच डाव्या हाताने मास्क काढावा, कॅचरच्या (प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्याच्या) पाठीमागून बाहेर यावं आणि रेघ दोन पायांमध्ये घेऊन थांबावं. थांबणं महत्त्वाचं. पळता पळता बघितलं की नजर हिंदकळते. रेघेच्या बाजूला दोन फूट जरी राहिलं तरी लांबचा चेंडू भलत्याच बाजूला दिसतो.

फेअरला आवाज नाही, फक्त आतल्या बाजूला बोट. फाउलला दोन्ही हात वर आणि खणखणीत आवाज. कारण साधं आहे: ‘फेअर’ हा शब्द लांबून ‘फाउल’सारखा ऐकू आला तर धावणारे थबकतात.

मैदान आखतानाच्या चुका पंचाच्या माथी येतात, म्हणून सामन्याआधी स्वतः फिरून बघावं. प्लेटच्या मागच्या टोकापासून सुतळी ताणली की ती पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या बाहेरच्या कडेला लागून गेली पाहिजे. बेस अख्खा आत. अनेक ठिकाणी बेसचा मधोमध रेघेवर ठेवलेला आढळतो, तो उचलून सरकवायला लावावा. बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर, प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंत ३८.८० मीटर. पहिला ते तिसरा कर्णही तेवढाच भरला की काटकोन बरोबर. फुटबॉलच्या मैदानावर खेळ असेल तर जुन्या पांढऱ्या रेघा मातीने बुजवून घ्याव्यात, नाहीतर चेंडूने उडवलेला चुना कुठल्या रेघेचा हेच कळत नाही. चवथीनंतरच्या दिवसांत गवत वाढलेलं असतं, तिथे रेघेपुरतं तरी कापून घ्यावं.

मुलींच्या सॉफ्टबॉलला जाणाऱ्यांसाठी एक भर: तिथे पहिला बेस जोड असतो, पांढरा आत आणि नारिंगी बाहेर. चेंडू फक्त नारिंगीला लागून गेला तर फाउल, पांढऱ्याला लागला तर फेअर. त्यामुळे बेस अंपायरची नजर दोन रंगांच्या सांध्यावर हवी, आणि तो सांधा रेघेच्या बाहेरच्या कडेशी जुळलाय का हे पहिल्या चेंडूआधीच वाकून बघावं.